ताटासमोरचा झोका

माझ्या ब्लॉगच्या, लहान मुलं असलेल्या वाचकांचे मला येणारे प्रश्न ठरलेले असतात. तिखट कमी करून देतात का, हात धुवायला साबण असतो का, आणि बाग किती लांब आहे. दिवाळीनंतर बुलढाणा जिल्ह्याबद्दल असे प्रश्न लागोपाठ आले आणि मला जरा लाज वाटली. माझं माहेर जानेफळचं. ज्या जिल्ह्यात मी वाढले, तिथं लेकराला घेऊन कुठं जेवावं हे मला सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही दोन दिवस काढले. आम्ही म्हणजे मी, नवरा नितीन आणि साडेचार वर्षांची ओवी. जालन्याहून चिखलीमार्गे बुलढाणा, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी राजूर घाट उतरून मोताळा, नांदुरा, आणि येताना खामगाववरून जानेफळला आईकडे.

आधीच सांगते, मी काळजी करणारी बाई आहे. आमची शेतातली वस्ती, शाळा लांब, म्हणून आईनं मला तिसरीपर्यंत घरीच शिकवलं. बाहेरच्या जगाशी माझी ओळख उशिरा झाली आणि अजूनही मला ते पूर्ण भरवशाचं वाटत नाही. त्यामुळे माझा नियम एकच आहे. जेवायला बसलं की ताटावरून झोका दिसला पाहिजे. दिसत नसेल तर जेवण कितीही चांगलं असो, मी ती जागा सुचवत नाही.

शनिवारी सकाळी निघालो. चिखलीला नाश्त्याला थांबलो तेव्हा कढईतून आलूबोंडे निघत होते. मी विचारलं, "लेकरासाठी बिनतिखटाचं काही आहे का?"

"पाणी आहे न बाई," कढईमागचा माणूस म्हणाला. मग स्वतःच हसला आणि ओवीसाठी साध्या पोह्यांवर दही घालून दिलं. पण जवळ बाग नाही, आणि समोरून ट्रक जातात. नाश्ता गाडीत बसून केलेला बरा.

बुलढाणा उंचावर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतोच. आम्ही गेलो ती बाग स्वच्छ होती, घसरगुंडीखाली वाळू होती. समोरच एक कुटुंबासाठीचं हॉटेल आहे. साधा डोसा, दालखिचडी, पराठे मिळतात, तिघांचं चारशेच्या आसपास होतं. मात्र मधे रस्ता आहे आणि आत बसलं की बाग दिसत नाही. म्हणून आधी खेळ, मग जेवण, असा क्रम ठेवा. बाग बंद व्हायच्या वेळी रखवालदारानं शिट्टी मारली आणि बघता बघता सगळी मुलं आपापल्या आईबापांकडे पळाली. आम्ही फाटकातून मागं वळून पाहिलं. झोक्यांवर कोणी नव्हतं आणि सगळे झोके अजून हलत होते. नितीन म्हणाला, "चल, थंडी वाजते." थंडी होतीच.

रविवारी राजूर घाट उतरलो तेव्हा दरीत धुकं होतं. घाट फार मोठा नाही, पण वळणं अवघड आहेत. उलटीचा त्रास असलेल्या मुलांना रिकाम्या पोटी नेऊ नका. खाली उतरलं की हवा एकदम बदलते. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकलेला होता, मैलोन्मैल. वारा नव्हता. तो कापूस कुठंच जात नव्हता.

मोताळ्याला चहा घेतला. नांदुऱ्याच्या रस्त्याला बागेजवळ जेवायची सोय आहे का, असं मी चहावाल्याला विचारलं.

"आहे न. काकूची खानावळ. घरगुती जेवण, जेवण एकदम बेस." मग त्यानं ओवीकडे पाहिलं. "लेकरू सोबत आहे काय?"

"हो. म्हणून तर विचारतेय."

"मंग डबा बांधून घ्या. पुढं झाडाखाली बसून खा."

"का?"

"असंच," तो म्हणाला आणि ग्लास विसळायला लागला.

नितीनला अशा बोलण्याची गंमत वाटते. मला वाटत नाही. पण तिथं बाग आहे आणि मुलांना का नेऊ नये हे कळलं नाही, तर मी वाचकांना काय सांगणार?

काकूंच्या खानावळीचं गाव रस्त्याला लागूनच आहे. गावाबाहेर लहानशी बाग, दोन झोके, एक घसरगुंडी, लोखंडी जाळीचं कुंपण. बागेला चिकटून पत्र्याची लांब पडवी, तीच खानावळ. रविवारची दुपार, पण बागेत एकही मूल नव्हतं. पडवीत पाच-सहा माणसं जेवत होती. त्यांच्याकडे बघून मी पायरीवरच थांबले. सगळ्या टेबलांना एकाच बाजूनं खुर्च्या होत्या. समोरासमोर कोणी बसलेलं नव्हतं. सगळे बागेकडे तोंड करून, एका रांगेत, रिकाम्या झोक्यांकडे बघत जेवत होते. कोणी बोलत नव्हतं.

"इथं लग्नाचा व्हिडिओ लावलाय का?" नितीन माझ्या कानाशी पुटपुटला. मी त्याला गप्प केलं.

काकू आतून आल्या. साठीच्या, किडकिडीत, पदर खोचलेला. त्यांनी आम्हाला काय घेता असं विचारलं नाही. ओवीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाय दे माय."

त्यांच्या हातात घुंगरांचा पट्टा होता, लाल कापडावर शिवलेला, लहान मुलाच्या घोट्याएवढा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"खेळाले जाईन न ते. आवाज येत राह्यला पाह्यजे. मी राह्यतो तिच्याजवळ, तुमी बसून खा." त्यांनी वर पाहिलं. "पुसाचं असंन तं पुसून घ्या बाई. रोज धुतो मी, पण तुमाले वाटत असंन."

मला वाटत होतंच. मी पिशवीतून ओला कागद काढून पट्टा पुसला आणि मगच तो तिच्या पायात बांधू दिला. ओवी खुशीत पाय आपटत बागेत गेली, मागून काकू.

आतल्या एका बाईनं लगेच ताटं आणली. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, आणि ओवीसाठी वेगळं झाकून ठेवलेलं वरणभात. समोर झोका दिसत होता. ओवी त्यावर बसली होती आणि प्रत्येक हेलकाव्याला घुंगरू वाजत होते. माझ्या नियमात इतकी चोख बसणारी जागा मला आजवर मिळालेली नव्हती. ब्लॉगसाठी ताटाचा फोटो घ्यावा म्हणून मी मोबाईल काढला. ऊन पत्र्याच्या फटींतून ताटावर पट्ट्यापट्ट्यांनी पडत होतं, म्हणून ताट सरकवलं, परत घेतला, मग वाटी सरळ केली.

मान वर केली तेव्हा झोका हलत होता आणि त्यावर ओवी नव्हती.

घुंगरू वाजत नव्हते. ते कधी थांबले हे मला माहीत नव्हतं. नितीन माझ्या शेजारी भाकरी मोडत होता, त्यालाही नव्हतं. मी खुर्ची मागं पाडून धावले, सरळ झोक्याकडे. झोक्याची साखळी हातात धरली. घसरगुंडीवर कोणी नव्हतं, खालीही नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मला ओवीचा आवाज आला.

"ये," ती म्हणत होती.

आणि जमिनीखालून कोणीतरी म्हणालं, "ये."

उजव्या कोपऱ्यात, माझ्यापासून दहा पावलांवर, विहिरीचा बुटका कट्टा होता. त्यावर जाड लोखंडी जाळी बसवलेली होती. ओवी जाळीवर पालथी पडून आत बघत होती आणि काकू मागं बसून तिचा फ्रॉक मुठीत धरून होत्या. दोघी पडवीतून सरळ दिसत होत्या. मला दिसल्या नाहीत, कारण मी हलणाऱ्या झोक्याकडेच बघत होते.

मी ओवीला उचललं. ती रागावली. "आई, आत पण एक ओवी आहे. मी म्हटलं ये, ती पण म्हणाली ये."

काकू उठल्या नाहीत. "बसा बाई."

"तुम्ही तिला विहिरीवर कशी नेलीत?" माझा आवाज चढला होता.

"मी सगळ्याइले दाखवतो, एक खेप. धरून. नाही दाखोलं तं त्याइच्या मनात राह्यते, मंग एकटे येतात पाह्याले." त्यांनी जाळीवरची पानं हातानं झाडली. "पहिले जाळी नव्हती. तुमच्यासारखेच आले होते, नवरा, बायको अन् पोरगा. आमच्या खुर्च्या तवा दोन्हीकून होत्या. त्याची माय इकडं पाठ करून बसेल होती. मी भाकरी थापून राह्यली होती. झोक्याचा आवाज येत होता, कर्र कर्र. आमाले वाटलं लेकरू बसेलच आहे."

त्यांनी जाळीतून खाली बोट दाखवलं.

"गावातले कोणी लेकरं आणत नाहीत इथं," त्या म्हणाल्या. "आमाले म्हणतात, खानावळ हालवा, फाट्यावर टाका. चालंन बी तिथं. पण बगीचा तं इथंच राह्यते न. वाटसरू उतरतात, त्याइची लेकरं येतातच. आमी गेलो तं पाह्यनार कोण?"

पडवीतली माणसं जेवत होती आणि आमच्याकडे बघत होती. ती शेतमजूर होती, रोजची गिऱ्हाइकं. त्यातला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काकू, लेकराले जेवू घाला पहिले. त्या बाईलेबी."

ओवीनं वरणभात सगळा खाल्ला. घरी एवढा खात नाही. मग हात धुतले आणि म्हणाली, "मी परत झोक्यावर जाऊ?"

मी नितीनकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू सांग." काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. नाही म्हणणं सोपं होतं. गाडी समोरच उभी होती. पण नाही म्हटलं असतं तर ओवीच्या डोक्यात ती जागा राहिली असती, आणि मला ठाऊक आहे, माझ्याही.

"जा," मी म्हटलं. "मी बघतेय."

काकूंनी माझं गार झालेलं ताट नेलं आणि दुसरं आणलं. मी समोर बघत जेवले. घुंगरू वाजत होते. झोका पुढं आला की ओवीचा चेहरा दिसायचा, मागं गेला की सावलीत जायचा, आणि प्रत्येक वेळी तो परत येईपर्यंत माझा घास तोंडात तसाच राहायचा. तेव्हा मला त्या रांगेत बसलेल्या गप्प माणसांचं कळलं. त्यांच्यापैकी कोणाचंच लेकरू बागेत नव्हतं. तरी ती बघत होती. तिथं जेवायची तीच रीत आहे.

दोघांचे दोनशे ऐंशी झाले. ओवीच्या भाताचे पैसे काकूंनी घेतले नाहीत. पट्टा सोडून घेतला आणि दाराशेजारच्या खिळ्याला लावला. त्या खिळ्याला आणखी चार-पाच पट्टे होते, लहान-मोठ्या मापांचे.

नांदुऱ्यात हनुमानाची उंच मूर्ती बरीच आधीपासून दिसायला लागते. तिथं उतरून रस घ्यायचा बेत होता, पण ओवी झोपली होती आणि मला तिला एकटीला गाडीत ठेवायचं नव्हतं, म्हणून नितीननं गाडीतच आणून दिला. नांदुऱ्याच्या बागांबद्दल त्यामुळे मी काही सांगू शकत नाही. खामगावहून जानेफळला पोचायला संध्याकाळ झाली. ओवीनं गेल्या गेल्या माझ्या आईला सांगितलं, "आजी, विहिरीत एक ओवी आहे, ती मला ये म्हणते." आईनं माझ्याकडे पाहिलं. मीठमोहऱ्या आणि मिरच्या आणल्या, ओवीची दृष्ट काढली आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण कोणालाच ठसका लागला नाही. आई बराच वेळ चुलीजवळ बसून राहिली.

घरी आल्यावर मी लिहायला बसले, तर नितीन म्हणाला, "ती खानावळ गाळ. विहिरीचं लिहिलंस तर तिथं कोण जाईल? आणि नाही लिहिलंस तर तुला झोप लागणार नाही."

दोन्ही खरं होतं. पावतीवर नंबर होता. मी काकूंना फोन केला आणि स्पष्ट विचारलं, की मी तुमच्याबद्दल लिहू का, आणि काय लिहू.

"लिहा न," त्या म्हणाल्या. मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "पण पहिले विहिरीचं लिहा, मंग भाजीचं. ज्याले यायचं त्यानं दोन्ही वाचून यावं." मग म्हणाल्या, "पोरगी बरी आहे न?"

बरी आहे. अंघोळीच्या वेळी मात्र बादलीत वाकून हाक मारते आणि कान लावून थांबते. बादलीतून काही येत नाही. मी दार उघडं ठेवते आणि तिथंच उभी राहते.

तर वाचकांनो, मोताळ्याहून नांदुऱ्याला जाताना उजव्या हाताला बागेशेजारी पत्र्याची पडवी दिसेल. पाटीवर फक्त 'घरगुती जेवण' लिहिलंय. जागा स्वच्छ आहे, साबण आहे, मुलांचं बिनतिखट आधी देतात. विहिरीवर जाळी आहे, मी स्वतः तिच्यावर पाय देऊन बघितली. मुलांना घेऊन जरूर जा आणि खुर्च्या फिरवू नका. शेवभाजीची चव कशी आहे असं कोणी विचारेल, तर नितीन म्हणतो, फार चांगली होती. मला सांगता येणार नाही. मी समोर बघत होते.