मेंढरांनी टाळलेलं गवत

आमचा माळ कवठे महांकाळच्या पूर्वेला. तीन वर्षांपूर्वी तो उघडा पडला होता आणि आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं नुसता मुरूम हुंगत फिरायची. मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते, आणि चार बुकं शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. दिवाळीनंतर सहलीला गेलो तर खंडाळ्याकडच्या चरून भुंड्या झालेल्या उतारावर एकच गवत हिरवंगार, बियांनी लगडलेलं उभं. मी पोतंभर बी ओरबाडून घरी आणलं.

आप्पांनी एवढंच विचारलं, "मेंढरू तोंड लावतं का ह्याला?"

"न लावायला काय झालं?" मी म्हणाले. धनगराची लेक मी! सगळा उतार चरला गेला आणि तेवढंच का उरलं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पहिल्या पावसात निम्मं बी माळावर फेकलं आणि गवत फोफावलं. दोन पावसाळ्यांत अर्धा माळ त्यानं गिळला. मारवेल, पवन्या, मेंढरांच्या आवडीची सगळी गवतं कडेला रेटली गेली. मेंढरं त्या हिरव्यात शिरायची, हुंगायची आणि मान फिरवून पुढं जायची.  आप्पांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यंदाच्या दिवाळीला कळप द्यायचा, असा मिरजेच्या व्यापाऱ्याला शब्द गेलाय, हे मला आईनं सांगितलं.

मी ते गवत घेऊन आमच्या कॉलेजातल्या मॅडमपुढं उभी राहिले. त्यांनी बुडाकडचा पापुद्रा सोलला, निळ्या रंगात बुडवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. पेशींच्या मधून धावदोरा घालावा तसे निळे धागे गेले होते. ती बुरशी होती. रोग नव्हे, चांगलं बिऱ्हाड थाटलेलं. गवत तिला पोसतं, ती त्याच्या पानांत कडवटपणा भरते, आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. माळावर कुणी राहायचं आणि कुणी हटायचं, हे ती आत बसून ठरवत होती.  जन्मभर गवतावर लोळले, पण त्याच्या आत कुणी राहतं याचा मला पत्ताच नव्हता.

मॅडम म्हणाल्या, बी उन्हाच्या तावात जुनं झालं की आतली बुरशी आधी मरते, बी मागून. आमच्या पत्र्याच्या खोपीत उरलेलं बी तीन उन्हाळे भाजत पडलं होतं. माळाचा एक पट्टा खणून ते पेरू, असं मी आप्पांना म्हणाले.

"पुन्यांदा त्येच?" एवढंच म्हणून आप्पांनी कुदळ उचलली.

निम्मं बी उगवलंच नाही. जे आलं ते दिसायला हुबेहूब पहिल्यासारखंच. 

दिवाळीच्या आठवडाभर आधी आप्पांनी मेंढरं सोडली. पुढची म्हातारी मेंढी जुन्या गवतातून मान फिरवत आली, पट्ट्यापाशी थबकली, तिनं हुंगलं आणि कराकरा खायला लागली. मग सगळा कळपच तुटून पडला. आप्पा उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहिले.

"गवत त्येच न्हवं?"

"तेच आप्पा. आतलं कुणी नाही."

"लयच अजब हाय गं," ते म्हणाले आणि त्यांनी मिरजेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "चाचा, मेंढरं देत न्हाई. माज्या लेकीनं चारा पिरलाय."

मी तिथंच खाली बसून रडले.