दोघांशी सावड

मी अमेरिकेला निघालो त्या दिवशी हमरस्त्यावरच्या चौक नाक्यापर्यंत आई सोडायला आली, बाबा आले नाहीत. लावणी चालू होती. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण आमची सावड दोघांशी. आज आम्ही त्यांच्या शेतात राबायचं, उद्या त्यांनी आमच्या. त्या दिवशी वरच्या आळीची पाळी होती. "आज नाय गेलो तर म्हणतील, ह्यो खालच्यांचा झाला," असं म्हणून बाबा माझ्या धाकट्या भावाला, नामाला घेऊन गेले. विमानाला निघालेल्या मला ते कसे नेणार? तरी नामाला नेलं म्हणून पोटात दुखलंच.

दोन्ही आळ्यांनी बाबांना ओढून बघितलं. कुणी ट्रॅक्टर देऊ केला, कुणी लग्नाचं आमंत्रण गाळलं. बाबांचं एकच, "आमी कुणाच्या दावणीला नाय रं." शाळेत गुरुजी देशाचं अलिप्ततेचं धोरण शिकवायचे तेव्हा मला वाटायचं, हे तर आमच्या घरचंच सांगतायत.

परवा इथे लंचला मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं, तुमचा देश रशियाचं तेल का घेतो? तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? उत्तर ओठांवर होतं, की आमचं आम्ही ठरवतो. पण माझ्या व्हिसाचे कागद त्याच्याच सहीसाठी पडलेत. मी म्हणालो, मलाही आमच्या सरकारचं पटत नाही. तो खूश झाला. मीही मान हलवत हसलो. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही कधीतरी अशी मान हलवली असेल, उगाच नाही म्हणू नका.

रविवारी नामाला फोनवर हे सांगितलं. बाबा गेल्यापासून सावड तोच सांभाळतो. यंदा खालच्यांनी त्याला बजावलं होतं, वरच्यांकडे गेलास तर आमच्याकडे येऊ नकोस. तो दोन्हीकडे गेला. "चिडले दोन दिवस. मंग आलेच की लावणीला. त्यांना पण माणसं लागतात!" माझं ऐकल्यावर मात्र हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे रं दादा, तुझं पोट हाय त्याच्या हातात."

त्याने समजून घेतलं तेच झोंबलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मला गावाच्या भाताची, चिखलाची फारशी आठवण येत नाही, मला नामाचा हेवा वाटतो. दोघांना नाराज करूनही दोघांच्या पंगतीला बसता येतं, ते माझं घर. तिथे थोरल्याचा पाट माझा होता. त्यावर आता नामा बसतो.