खंडेनवमीला घासलेली गिटार

पुण्याच्या दुकानदारानं खोट्या मुलाम्याची गिटार विकून माझ्या मुलाला फसवलं, असं मी शिरूरभर सांगत होतो. परदेशी गेलेल्या मुलाची इलेक्ट्रिक गिटार मी खंडेनवमीच्या पूजेसाठी चिंच-राखेनं घासली, तर सोनेरी खुंट्या पांढऱ्या पडल्या.

सोनं खोटं असल्याचं वदवून घ्यायला दौंडच्या एका गिटार दुरुस्तीवाल्याकडं भांडायच्याच तयारीनं गेलो. तो माणूस प्रत्येक खुंटीवर आधी फुंकर घालायचा, मग मऊ, कोरड्या फडक्यानं अलगद टिपायचा.

"मामा, मुलामा सोन्याचाच व्हता. एवढंच पुसायचं असतंय. घासलं कुणी?"

"मीच."

"आन् वाजवणारा?"

"तीन वर्षं झाली, आला न्हाई."

तो पुढच्या खुंटीकडं वळला. पुन्हा पुसू लागला.

चुकलो, कबूल. पण परदेशी जाताना मला हे सांगायचं काम कुणाचं होतं? फोनवर नको, पोरानं घरी येऊन उत्तर द्यावं.