खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

खंडेनवमीच्या दिवशी मी तीन वर्षांचं ऊस-संशोधन बंद केलं अन् त्याला हळदीकुंकू वाहिलं. खोटं सांगत न्हाई. मी नववी नापास हाय, पण खोटं बोलत न्हाई.

आमी देवळाली प्रवरेचं. आमचे हे उसावर संशोधन करणाऱ्या एका ऑफिसात करारावर कामाला. कुठल्या रानात कुठलं बेणं लावलं, पाणी किती दिलं, कीड कधी पडली, ही सगळी माहिती फोटोसकट एका वेबसाईटीवर ठेवायची, अन् शेतकऱ्यांनी ती मोबाईलवर बघायची, भरायची, हे ह्यांचं काम. वरनं हुकूम हुता, माहिती परक्या कंपनीच्या मशिनीवर न्हाई, आपल्याच मशिनीवर ठेवायची. ती मशीन म्हंजी सर्व्हर. ऑफिसात लाईट टिकत न्हाई, आमच्याकडं इन्व्हर्टर हाय, म्हणून सर्व्हर आमच्या घरी आला. माझी पोर रांगत रांगत त्याच्या हिरव्या दिव्याकडं जायची अन् मी हातातलं टाकून पळायची. सापाला भ्यावं तशी मी त्याला भ्यायची.

हे समजावून सांगायचे, "अगं, त्याच्यात तीन कंटेनर हायेत. एकात वेबसाईट, एकात माहिती, एकात माहिती शोधायची यादी. एखादा बिघडला तर तो मोडायचा अन् नवा कोरा मांडायचा. बाकीच्याला धक्का न्हाई."

"अन् मोडलेल्याच्या आत काय असंल ते?"

"ते जातं. जपायचं असंल ते कंटेनरच्या बाहेर, मशिनीत येगळं ठेवायचं."

मी मान हलवली. (लग्न झाल्यापासून मी लई ठिकाणी अशीच मान हलवली हाय.)

वेबसाईट सगळी इंग्रजीत हुती. हे म्हणले, "तू मराठी कर. तुला समजलं म्हंजी सगळ्या तालुक्याला समजंल." हे कौतुक हुतं का दुसरं काय, माझं अजून ठरलं न्हाई. पण दोन महिने पोर मांडीवर घिऊन मी एकेक बटण मराठीत केलं. तेबी शब्दकोशात बघून, भारीतलं. फोटो टाकायच्या बटणावर मी 'छायाचित्र समाविष्ट करावे' लिहिलं, अन् सोताच दोनदा वाचून घाबरले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मोठ्या मॅडम वेबसाईट बघायला येणार हुत्या. बघून ठरवणार हुत्या, ह्यांचा करार वाढवायचा का ह्यांना घरी बसवायचं.

अन् मधीच आली खंडेनवमी. हे सकाळीच कोल्हारला रानातले फोटो काढायला गेल्ते. आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूबाईंनी, विळे-खुरपी धुऊन पाटावर मांडली, माझी शिलाई मशीन पुसली, अन् सर्व्हरपुढं जाऊन उभ्या राह्यल्या.

"मनीषा, ह्यो बी मांड. माझ्या पोराची भाकर हाय ती."

"आत्याबाई, तो चालू हाय."

"मग बंद कर. पूजेचं हत्यार कुणी चालू ठिवतं का? हिरीवरची मोटर बंद हाय. ह्योच कोण लागून गेला?"

मी ह्यांना फोन लावला. लागंना. परत लावला. लागंना. भितीवर ह्यांनी एक कागद चिकटवलेला, अडीअडचणीला. त्याच्यावर मशिनीला द्यायच्या हुकमाच्या दोन ओळी. पहिलीपुढं लिहिलेलं 'थांबवणे', दुसरीपुढं 'मोडणे'. मी शहाणपणा केला, पहिलीच ओळ टाईप केली.

"झाला का बंद?"

"झाला."

"मग दिवा का जळतोय?"

खरंच जळत हुता. म्हणलं, हा अर्धवटच बंद झालाय. अर्ध्या चालू हत्याराची पूजा केली अन् परवा करार गेला, तर जन्मभर ऐकावं लागंल की सुनंनं खंडेनवमी पाळली न्हाई. म्हणून मी दुसरी बी ओळ टाईप केली. मग मशिनीचं बटण दाबलं. दिवा विझला. आत्याबाईंनी नारळ फोडला, मी झेंडूचा हार घातला, पोरीचं डोकं टेकवलं. इतकी शांत पूजा आमच्या घरात कधी झाली न्हाई.

चार वाजता हे आले. हार बघितला. मशीन चालू केली, कंटेनर मांडले, वेबसाईट उघडली. सगळी इंग्रजीत. मधोमध, नोंदींच्या आकड्याच्या जागी, एक शून्य. तेवढं मला शब्दकोशाबिगर वाचता आलं.

"मनीषा, तू थांबवलं का मोडलं?"

"आधी थांबवलं. मग मोडलं."

"दोन्ही?"

"दिवा जळत हुता."

हे खाली बसले. आत्याबाई म्हणल्या, "तिला बोलू नको. पूजा चांगली झाली."

हे कायबाय टाईप करत राह्यले अन् मी दारात उभी राहून मनातल्या मनात माहेरची बॅग भरली. शेवटी हे म्हणले, "माहिती हाय. ती बाहेर ठेवली हुती. शोधायची यादी तेवढी मोडली, म्हणून शून्य दिसतंय. यादी परत तयार हुईल."

मी रडले. माझं बघून पोर रडली.

"अन् माझं मराठी?"

ह्यांनी कीबोर्ड बाजूला सारला.

"ते आतच राह्यलं हुतं," हे म्हणले.

"बाहेर कुणी ठेवायचं हुतं?"

"मी."

लग्नाला तीन वर्षं झाली. तो एक शब्द मी जपून ठेवलाय.

दसऱ्याला पुरणपोळी आत्याबाईंनी केली अन् मी दिवसभर मराठी. आता शब्दकोशाला येळ न्हवता. आलं तोंडात की टाक. 'ऊस कधी लावला?' 'फोटो हितं टाका.' 'पाणी किती येळा दिलं?' एक बटण नोंद पुसून टाकायचं हुतं. ते दिसल्यावर मला खंडेनवमी आठवली, त्याच्यावर बी जे मनात आलं ते लिहिलं. ह्यांनी या टायमाला सगळं बाहेर ठेवलं, सोता एकदा मोडून मांडून बघितलं. मराठी जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या. बरोबर कोल्हारचे रंगनाथ तात्या, शेतकरी माणूस. मॅडमनी मोबाईल त्यांच्या हातात दिला अन् म्हणल्या, "भरा. कुणी मदत करायची नाही." तात्या भरत गेले. फोटो टाकला, पाणी टाकलं, कुणाला इचारलं न्हाई. ह्यांचा चेहरा जरा उजळला. तेवढ्यात नोंद पुसायच्या बटणापाशी तात्या थांबले.

"मॅडम, हितं जरा अडचण हाय."

"काय झालं?"

"हितं लिहिलंय, 'ह्याला हात लावू नका, आधी नवऱ्याला इचारा.' आता मी नवरा कुठनं आणू?"

कुणी हसलं न्हाई. मॅडमनी मोबाईल घेतला, चष्मा लावला, वाचलं.

"माझे मिस्टर बँकेत आहेत," त्या म्हणल्या. "त्यांना यातलं काही कळणार नाही. हे लिहिलं कोणी?"

"मी," मी म्हणलं.

"बाकीचं पण तुम्हीच?"

"व्हय. आधी चांगलं लिहिलं हुतं, ते माझ्या हातनं मोडलं."

"दाखवा बरं आधीचं कसं होतं ते."

ह्यांनी 'छायाचित्र समाविष्ट करावे' म्हणून दाखवलं.

"मोडलं ते बरं झालं," मॅडम म्हणल्या.

करार वाढला. अट एकच, त्या बटणावर 'आधी मनीषाताईंना इचारा' लिहायचं अन् खाली माझा नंबर टाकायचा. आता दिवसाआड कुणाचा ना कुणाचा फोन येतो. मी सगळं नीट ऐकून घेती, "थांबा हां, बघून सांगती" म्हणती, फोनवर हात ठेवती अन् नवऱ्याला इचारती.