पिवळ्या चड्डीवाला म्हातारा आणि आबांच्या चपला

आधीच सांगून टाकते, टीव्हीवरची ती परदेशी कुस्ती ठरवून केलेली असते हे मला माहीत आहे. कोण जिंकणार, कोण कुणाच्या पाठीत खुर्ची हाणणार, सगळं आधीच पक्कं झालेलं असतं. आमच्या शेजारच्या गाळ्यावरच्या नारळवाल्या भाऊंना ते माहीत आहे, माझ्या नवऱ्याला माहीत आहे, आणि ज्यांच्यामुळे हे खूळ घरात शिरलं त्या माझ्या सासऱ्यांना, आबांना, तर सगळ्यात जास्त माहीत आहे. तरी त्यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नाहीत. त्या भांडणात नक्की कोण कुणाच्या बाजूनं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

नाशिकच्या फुलबाजारात आमचा गाळा आहे. झेंडू, शेवंती, गुलाब, हाराची सुटी फुलं. आबांची सगळी हयात तिथं गेली. लग्न होऊन आले आणि थोड्याच दिवसांत मीही गाळ्यावर बसायला लागले, कारण नवरा सातपूरला कंपनीत, आणि त्याला फुलांच्या वासानं शिंका येतात. माळ्याच्या घरात जन्म आणि फुलांनी शिंका! देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय.

दुपारी गिऱ्हाईक पांगलं की भाऊ नारळ सोलता सोलता विषय काढायचे. आबांना ती परदेशी नावं उच्चारता यायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. पन्नाशीला टेकलेला, गुडघ्याला पट्टे बांधून येणारा तो 'पिवळ्या चड्डीवाला म्हातारा'. त्याच्या मागे हात धुऊन लागलेला, डोक्यावर बुचडा बांधणारा पोरगा तो 'शेंडीवाला'.

"काल बघितलं का? म्हाताऱ्याला रिंगमध्ये चढायला दोरी धरावी लागली," आबा म्हणायचे. "आता बास की. किती दिवस लोकांच्या उरावर बसणार हाय?"

"लोक त्याच्यासाठीच येतात आबा," मी लगेच तापायची. "तो नुसता हात वर करतो तर सगळं स्टेडियम उभं राहतं. तुमच्या शेंडीवाल्यासाठी कोण उठतं? माशी तरी उठते का?"

भाऊ माझ्या बाजूनं. "जुनं ते सोनं, आबा."

"सोनं हाय ना? मग सराफाकडं नेऊन ठेव. रिंगमध्ये कशाला?"

एकदा मी म्हटलंच, की आबा, तुम्हाला त्या म्हाताऱ्याचं एवढं काय वाकडं आहे, तुम्ही पण तर बसलाच आहात गाळ्यावर. त्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मी काय चड्डीवर बसतो का?" भाऊंच्या हातातला नारळ हसून हसून खाली पडला. मला मात्र हसू आलं नाही, कारण खरं दुखणं तिथंच होतं.

झेंडूचं असं असतं, की क्रेटमध्ये वरची फुलं टवटवीत दिसतात आणि आतून माल गेलेला असतो. ओली फुलं दाबून भरली की मधोमध ती तापतात, मग सडतात. डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं. आबा बाही वर करायचे, कोपरापर्यंत हात क्रेटमध्ये घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालतंय." किंवा "नाय." झालं. अख्ख्या बाजारात त्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. मीसुद्धा ते शिकले होते. माझा हातही चुकत नव्हता. पण मी "चालतंय" म्हटलं की गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, "आबा कुठंयत?" अहो, मी इथं काय शोभेला बसलेय? मला गल्ला नको होता, गाळ्यावर नाव नको होतं. कुणीतरी एकदा माझ्या हातावर विश्वास ठेवून माल उचलावा, एवढंच मला हवं होतं. आणि आबा असेपर्यंत ते होणार नव्हतं.

आता बघा गंमत. आबांनी उठावं असं वाटणारी मी टीव्हीवर म्हाताऱ्याच्या बाजूनं, आणि गाळा न सोडणारे आबा शेंडीवाल्याच्या. विचार करून डोकं दुखायचं. मी बोलतेय ते मला वाटतं तेच बोलतेय का, हेही कळेनासं व्हायचं.

त्यात मागच्या वर्षापासून आबांनी नवीनच सुरू केलं होतं. माल उतरला की मला हळूच म्हणायचे, "तू बघ गं आधी." मी हात घालून सांगायची. मग तेही हात घालायचे, डोळे मिटायचे, आणि माझंच उत्तर मोठ्यानं जाहीर करायचे. मेहनत माझी, मान त्यांचा! माझा नुसता तिळपापड व्हायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालंय त्यांचं, सोड ना." याचं उत्तर नेहमी तेच.

वय झालं होतं, शुगरही जुनी होती. डॉक्टरांनी रोज पाय बघत जा म्हणून बजावलं होतं, पायाला लागलेलं कळणार नाही म्हणून. आबा म्हणायचे, पाय काय बघायचे, जागेवरच तर हायत. एकदा जिन्यात त्यांची एक चप्पल निसटली आणि एकाच चपलेनं ते खाली स्कूटरपर्यंत गेले. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. चहाचा उकळता ग्लास ते बिनदिक्कत मुठीत धरायचे, तेव्हा भाऊ कौतुकानं म्हणायचे, "आबांचा हात लोखंडाचा हाय." आम्हालाही तसंच वाटायचं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी टीव्हीवर म्हाताऱ्याची शेवटची कुस्ती होती. म्हाताऱ्यानं आधी जाहीर केलं होतं, हरलो तर कायमचा जाईन. आम्ही तिघं सोफ्यावर, नवरा मोबाइलमध्ये. खूप वेळ चालली. शेवटी शेंडीवाल्यानं त्याला उचलून आपटला आणि वर आडवा पडला. एक, दोन, तीन. म्हाताऱ्यानं खांदा उचललाच नाही. मग तो उठून बसला, सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट रिंगच्या मधोमध ठेवले आणि अनवाणी निघून गेला. तिकडची माणसं रडत होती. इकडे मीही रडत होते, आणि आबा टाळ्या वाजवत होते!

"टाळ्या कसल्या वाजवताय?" मी म्हटलं. "ठरवून पाडला त्याला!"

"मग? जायची हीच रीत असती. आमच्या सायखेड्याच्या जत्रेत मातीत काय अन् इथं काय." आबांचं लहानपण सायखेड्याला गेलेलं, तिथल्या जत्रेतल्या कुस्त्या त्यांनी झाडावर बसून बघितलेल्या. "जाताना पाठ टेकवून जायचं. चारचौघांत, नव्या पोराच्या हातून. जिंकून घरी गेला ना, तर मागं राहिलेल्याला कुत्रं विचारत नाय. लोक म्हणत्यात, हा कसला, तो असता तर यानं लोळण घेतली असती."

"पण ते खोटंच की."

"खोटं कसं? पाठ तर खरीच टेकती ना?"

मला राग आवरला नाही. म्हटलं, "टीव्हीवरचा गेला. तुम्हाला मात्र उठवत नाही."

नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर काढली. आबा उठले. टीव्ही बंद केला आणि आत गेले. बोलले ते बोलले, मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशीही आमचा अबोलाच. दसऱ्याचा बाजार तोंडावर, आणि आम्ही दोघं भाऊंच्या मार्फत बोलतोय. "भाऊ, आबांना सांगा, सुतळी संपलीय." "भाऊ, तिला म्हणावं, पोत्याखाली हाय."

त्याच सकाळी सायखेड्याकडून झेंडूचा टेम्पो आला. परतीचा पाऊस झालेला, माल ओलाच भरलेला. आमचा नेहमीचा डेकोरेशनवाला उभाच होता. त्याला एका मोठ्या सोसायटीची कमान आणि तोरणं करायची होती, उद्या संध्याकाळपर्यंत फुलं टिकायला हवी होती. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, सगळे आजूबाजूचे गाळेवाले तिथंच. आबांनी त्या दिवशी मला "तू बघ गं" म्हटलं नाही. मी मुद्दाम शेवंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी बाही वर केली, हात घातला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"एक नंबर माल," ते मोठ्यानं म्हणाले. "उचल बिनधास्त."

मला तीन हातांवरून त्या क्रेटचा कोमट, आंबूस वास येत होता. म्हणजे म्हातारा माझ्यावरच्या रागानं बाजार बुडवणार! मी उठले, क्रेटमध्ये हात घातला. आत हात चुलीजवळ न्यावा तसा चटका. "अहो आबा, काय बोलताय तुम्ही?" मी ओरडले आणि ते अख्खं क्रेट ताडपत्रीवर उपडं केलं. वरची फुलं पिवळीधमक, मधला गोळा काळा पडलेला, त्यातून वाफ निघत होती.

भाऊंचा कोयता हातातच राहिला. आबांनी त्या ढिगाकडे बघितलं, मग डेकोरेशनवाल्याकडे, मग जमलेल्या सगळ्यांकडे.

"चुकलं माझं," ते म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेलं असेल. "हिचा हात बरोबर हाय. इथून पुढं मालाचं हिला विचारायचं."

आणि उठून गेले. डेकोरेशनवाल्यानं घसा खाकरला, माझ्याकडे वळला. "वहिनी, मग कोणता उचलू?"

इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं. मी दुसऱ्या क्रेटमध्ये हात घातला, "चालतंय" म्हटलं, आणि त्यानं निमूट उचललं. त्यानंतर दिवसभर लोक मलाच विचारत होते. आनंद झाला का? झाला की. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आबांसारखा माणूस एवढं तापलेलं क्रेट चुकेल? का रागानं मुद्दाम? का मुद्दाम, पण रागानं नाही?

सगळं आवरून झाडू मारायला घेतला, तर आबांच्या स्टुलाखाली त्यांच्या चपला. मी वाकून बघत राहिले. ठेवलेल्या असत्या तर दोन्ही नीट असत्या. निसटलेल्या असत्या तर इकडे तिकडे असत्या. या दोन्ही शेजारी शेजारी होत्या, पण एक सरळ आणि एक उलटी.

"विसरले असतील वहिनी," भाऊ म्हणाले. मग थोडं थांबून, "नाहीतर ते... बुटांसारखं..." आणि कोयता पुसायला लागले. चपला पिशवीत टाकायच्या की तिथंच राहू द्यायच्या, हे ठरवायलाच मला कितीतरी वेळ लागला. शेवटी पिशवीत टाकल्या. म्हटलं, विसरले असतील तर उद्या देवाला काय घालून जातील?

गंगापूर रोडला घरी पोचले तर आबा सोफ्यावर, पाय टीपॉयवर, समोर म्हाताऱ्याचीच कुस्ती पुन्हा लागलेली. मी पिशवी जोरात ठेवली. "चपला राहिल्या होत्या तुमच्या."

"हां," ते म्हणाले. बस, एवढंच. यातून माणसानं काय समजायचं? मी विचारणारच होते. आबा, सकाळी खरंच कळलं नाही का तुम्हाला, की तुम्ही... तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या टाचेकडे गेलं. टीपॉयच्या काचेवर रक्ताचा डाग होता. टाचेत गुलाबाचा काटा, चांगला आत घुसलेला. आमच्या गाळ्यावरचाच, देठं तिथंच पडलेली असतात. म्हणजे बाजारातून रिक्षापर्यंत, रिक्षातून वर तीन मजले, हा माणूस काट्यावर चालत आला होता आणि आता आरामात टीव्ही बघत होता.

मी खाली बसले, टाच हातात घेतली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. टीव्हीवर शेंडीवाल्यानं म्हाताऱ्याचा पाय पिरगाळला होता आणि म्हातारा गडाबडा लोळत होता. मी नखांनी काटा धरला. पक्का रुतला होता, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा ओढून काढला. आबांचा पाय हलला नाही. चेहऱ्यावरची रेषही नाही. तो चहाचा ग्लास आठवला, जिन्यातली चप्पल आठवली. हातालाही आता असंच होतं का? "तू बघ गं आधी" म्हणायला लागले, ते तेव्हापासूनच का? मी काटा उजेडाकडे धरून बघत होते.

तेवढ्यात आबांनी खाली बघितलं. माझ्या चिमटीतला काटा त्यांना दिसला.

"आई गं!" ते कळवळले आणि पाय मागे घेतला.

काटा निघून गेला होता. टीव्हीवरची माणसंसुद्धा एवढा उशीर करत नाहीत.

"दुखलं का आबा?"

"मग? दुखणार नाय का? जरा हळू काढायचं की."

ते माझ्याकडे बघत नव्हते, टीव्हीकडे बघत होते. तिथं म्हाताऱ्याची पाठ टेकलेली होती आणि पंच एक, दोन म्हणत होता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "फार जोरात ओढला."