कुंदाच्या बऱ्या दुपारी

शेवंतीचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. मी डिचोलीच्या घरी चहा गाळत होते. शेवंती ही कोरगावला माझ्या धाकट्या बहिणीची, कुंदाची, शेजारीण. एवढ्या सकाळी ती कधी फोन करत नाही. "बाई, कुंदाबाय उठना नाय," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "आज सांधे फार धरलेत का?" कुंदा सकाळी उठत नाही यात मला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. गेली कित्येक वर्षं तिची सकाळ अशीच असायची. शेवंतीला ते मला पुन्हा एकदा, नीट शब्दांत सांगावं लागलं.

कुंदा गेली, त्याला आता सात आठवडे झाले. रेवा आणि निषाद, तुम्ही तिकडून व्हिडिओ कॉलवर हळहळलात आणि मग निषादने विचारलं, "आजी, पण कुंदाआजीला नक्की काय झालं होतं? आम्ही आलो होतो तेव्हा तर ती आमच्याबरोबर काजूच्या बागेत वरपर्यंत चढली होती." तू अगदी निर्मळ मनाने विचारलंस. पण हाच प्रश्न कोरगावने तिला पंधरा वर्षं विचारला, आणि तो तितका निर्मळ नव्हता. मी तुला तेव्हा "संधिवात" असं एका शब्दात उत्तर दिलं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला शोभेल असं ते नेमकं उत्तर होतं. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघी इब्रामपूरच्या. मला मामाने शिकायला आपल्याकडे नेलं, ती आईजवळ राहिली. मी पुस्तकांना कव्हरं घालत बसायची तेव्हा ती अख्ख्या वाड्यातल्या बायकांची फुगडीची गाणी पाठ करत असायची. लग्न होऊन ती कोरगावला गेली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. गावातल्या काजूच्या कारखान्यात ती बिया फोडायला जायची. हात असे चालायचे की शेजारी बसलेल्या बायका आपलं काम थांबवून बघायच्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच हातांनी दगा दिला. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठली की सगळे सांधे कुलूप घातल्यासारखे. अंथरुणावर बसायला तास, उभं राहायला आणखी एक. पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, तो हाक न मारता पाव जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला अडकवून जायचा, कारण तिला दारापर्यंत यायला किती वेळ लागतो हे त्याला माहीत होतं. तिची सकाळ पाहणारा बाहेरचा माणूस बहुधा तो एकटाच.

दुपारी मात्र अंगातलं कुलूप थोडं सैल व्हायचं. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. दोनच्या सुमारास ती केस विंचरायची, साडी नेसायची, हळूहळू दुकानापर्यंत जायची. एखाद्या फार चांगल्या दिवशी बागेतही. म्हणजे गावाला ती दिसायची ती एवढीच. बाकीची कुंदा भिंतींच्या आत असायची.

अपंगांच्या पेन्शनचा अर्ज मी भरला. दाखले, क्ष-किरणांची पाकिटं, फोटो, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, निळ्या फाईलला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. पेन्शन मंजूर झाली. ती काही फार नव्हती. औषधं आणि विजेचं बिल भागायचं. पण कारखाना सुटल्यापासून तिच्याजवळ आपलं म्हणता येईल असं तेवढंच होतं, आणि माझ्यापुढे हात पसरणं तिला जिवावर यायचं. "माई, तू दितय तां माका बरां वाटता," ती म्हणायची, "पण मागचां वाटना नाय." मी देते ते तिला आवडायचं, मागणं आवडत नव्हतं.

पेन्शन आली आणि तिच्या चालण्यावर लोकांची नजर आली. दुकानदार पांडू हसत हसत विचारायचा, "काय कुंदाबाय, आज खंयचो पाय दुखता? उजवो की डावो?" ही पण काही कमी नव्हती. "पाय दोनय बरे आसत रे पांडू. आज तुजी जीब तेवडी सांबाळ, लंगडता ती." लोक हसायचे. बसथांब्यावरच्या बायका म्हणायच्या, "आमकाय काडून दिया गे अशी पेन्शन, आमीय दुपारची फिराक जातलव." कुंदा हे सगळं मला नकला करून सांगायची. मी चिडायची, ती हसायची. आता वाटतं, ती मला सांगताना हसायची… दुकानातून घरी येईपर्यंतच्या वाटेवर काय करायची, ते मी कधी विचारलं नाही.

मग चार वर्षांपूर्वीची चवथ आली. आपल्याकडे चवथीच्या दिवसांत दुपारी बायका घरोघर जाऊन गणपतीपुढे फुगड्या घालतात, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल. कुंदाला त्या बायका गाणी सांगायला नेत. खुर्चीवर बसून ती गायची, बाकीच्या फिरायच्या. त्या दुपारी तिला बरं होतं. शेवंतीने तिला ओढून उठवलं, आणि दोघींनी एक फेर धरला. अर्ध्या मिनिटाचा असेल. शेवंतीच्या सुनेने तो मोबाईलवर घेतला आणि इतक्या वर्षांनी कुंदाकाकी खेळली या आनंदात गावाच्या ग्रुपवर टाकला. आनंदातच, हे मी मुद्दाम लिहिते. त्या पोरीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, "पेन्शनीची फुगडी". मग हसणारी चित्रं, मग टोमणे, मग "आमच्या पैशांवर" वगैरे. आठवड्याभरात निनावी तक्रार गेली. महिन्याने पत्र आलं : फेरतपासणी होईपर्यंत पेन्शन स्थगित.

मी निळी फाईल घेऊन तिच्याबरोबर सरकारी इस्पितळात गेले. आत एक तरुण दोतोरीण होती. मी उभी राहून सगळा इतिहास तारखांसकट सांगू लागले तेव्हा ती मला शांतपणे म्हणाली, "बाई, त्यांना बोलू द्या." मी बसले. तिने तक्रारीसोबतचा तो व्हिडिओ लावला. एकदा पाहिला, परत पाहिला. मग कुंदाला विचारलं, "फुगडीत हातात हात धरतात ना? तुम्ही तसे का नाही धरलेत?"

मी तो व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिला होता. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवंतीने कुंदाला कोपरांशी धरलं होतं. कुंदाचे दोन्ही पंजे मोकळे, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लोंबत होते.

"हात धरलो तर बोटां मोडतली," कुंदा म्हणाली.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दोन दीस पडान होतंय. शेवंतीन भरयलां जेवाण."

"मग खेळलात कशाला?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं, जणू आपण परवानगी मागतो आहोत. मग म्हणाली, "दोतोर, दुखणां रोज आसा. चवथ रोज नाय."

दोतोरणीने तिची बोटं एकेक करून हातात घेतली, दाबून पाहिली, कागदावर लिहिलं. पेन्शन परत सुरू झाली. मध्ये पाच महिने गेले, पण झाली.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं. पेन्शन सुरू झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी कोरगावला गेले आणि तिला समोर बसवून सांगितलं, "कुंदा, हे परत होता कामा नये. यापुढे तू कुणाला दिसायचं नाहीस."

"काय दिसूक जायना? आजारी?"

"बरी. चालताना, खेळताना. दुकानात शेवंतीला पाठव. चवथीला घरी बस. एवढं सांभाळलंस की पुन्हा कुणी बोट दाखवणार नाही."

तिने आपल्या पंजांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरां."

मला वाटलं, प्रश्न सुटला. फाईल कपाटात गेली. आणि खरंच, गावाचं तोंड बंद झालं. वर्षभरात पांडूचाही सूर बदलला. मी बसमधून उतरले की तो दुकानातून पुढे येऊन म्हणायचा, "बाई, खूप वायट झाला हो कुंदाबायचां. बिचारी बसानच आसता." बसथांब्यावरच्या बायका केळी पाठवू लागल्या. ज्यांनी त्या व्हिडिओखाली हसणारी चित्रं टाकली त्यांनीच. मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळच्या बसने जायची. दार उघडं असायचं, ती कदेलवर, म्हणजे तिच्या लाकडी खुर्चीवर, बसलेली असायची, जेवून मी एकच्या बसने परत फिरायची. तिच्याकडे बघून मला वाईट वाटायचं. पण खोटं कशाला लिहू, आपण तिला सुरक्षित केलं याचं एक समाधानही वाटायचं. तिने कधी तक्रार केली नाही. तीन चवथी ती घराबाहेर पडली नाही. तुम्ही दोघं आलात ती एकच दुपार तिने माझं ऐकलं नाही. तुम्हाला मागच्या वाटेने बागेत नेलं, रस्त्यावरून नाही. तुम्ही परत येऊन ते सांगितलंत तेव्हा मला वाटलं, ती वाट जवळची म्हणून.

तेव्हा निषाद, तुझं उत्तर असं. ती बागेत चढली हे खरं होतं आणि पेन्शन घेत होती तेही खरं होतं. यातलं एक खरं असायला दुसरं खोटं असावं लागत नाही. एवढं समजायला गावाला जड गेलं, यात मला आता फारसं आश्चर्य वाटत नाही. मला कळत होतं, आणि तरीही मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

बारावं झाल्यावर घर आवरायला मी चार दिवस तिथे राहिले. तिच्या लग्नापासून त्या घरात माझी पहिलीच निवांत दुपार असावी. पहिल्या दिवशी अडीचच्या सुमारास शेवंती आली. आत आली, वळली, आणि तिने दाराला आतून कडी घातली. मग कदेल उचलून भिंतीला लावली. मग एकदम भानावर येऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"कडी कशाला?" मी विचारलं.

"सवय, बाई," ती म्हणाली. आणि खाली जमिनीवर बसून रडू लागली.

तिने मग जे सांगितलं ते तिच्याच क्रमाने सांगते. दुपारी कुंदाला बरं वाटलं की ती भिंतीवर वाटीने ठोकायची. शेवंती यायची, कडी घालायची. कुंदाच्या बोटांना ती कडी कधीच जमत नव्हती. मग कदेल बाजूला, आणि दोघींचा एक फेर, कधी दोन. गाणं घशातल्या घशात, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. चवथीला बायका पलीकडच्या घरी गणपतीपुढे गायला लागल्या की त्यांच्या आवाजावर या दोघी इथे, बंद दाराआड.

"दारार कडी पडली की समजाचां, आज कुंदाबाय बरी," शेवंती म्हणाली. "उगडांच रवला तर आज काय खरां नाय."

मी सकाळच्या बसने यायची. मला दार नेहमी उघडंच दिसलं.

"मला का नाही सांगितलंत?"

शेवंतीने पदराने तोंड पुसलं. "तुमीच सांगलास ना बाई, कोणाक दिसूक जायना म्हणान. ती म्हणी, माईक पण दिसूक नको. कोणाक म्हटला म्हणजे माईय त्यातच इली ना?"

मग मी उठले, कडी काढली, आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या. दुपारचं ऊन खोलीच्या मधोमध, त्या मोकळ्या जागेवर आलं. मी शेवंतीला म्हटलं, "त्यातलं एक गाणं म्हण. घशातल्या घशात नको."

ती आधी नको म्हणाली, सुतकाचं घर म्हणाली. बारावं झालंय, मी म्हटलं. मग तिने सुरुवात केली. आवाज चिरकत होता, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. रस्त्यावरून पांडू दुपारी बंद केलेलं दुकान उघडायला चालला होता. तो थांबला. कुंदाच्या घरातून फुगडीचं गाणं का येतंय हे त्याला कळेना. तो फाटकाशी येऊन आत वाकून बघू लागला. शेवंतीचा हात सवयीने दाराकडे गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "बघू दे त्याला."