बांगड्यांचे ओरखडे

माझं आणि माझ्या सासूबाईंचं पटत नाही, हे नागपूरला नंदनवनात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. रुखमाबाईंना भाजीवाला घाबरतो, केबलवाला घाबरतो आणि मी घाबरत नाही म्हणून त्या मला पाण्यात पाहतात. चहात साखर कमी पडली तरी त्यात त्यांना माझ्या माहेरचं वळण दिसतं. पण केशवमामांचा विषय निघाला की आम्ही दोघी एका बाजूला. केशवमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. धरमपेठेत राहतात, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि इतका गोड बोलणारा दुष्ट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

भांडण होतं एका वाद्यावरून. उमरेडला सासूबाईंचं माहेर विणकराचं. तिथून त्यांच्या आईने, देवकीबाईंनी, मरायच्या आधी ते लेकीला दिलं. लांब दांडी, मधे कंबर आवळलेली, पोटावर कातडं ताणलेलं, दांडीवर पितळी पडदे. सारंगी म्हणावी तर पडदे कसे, आणि सतार म्हणावी तर भोपळा कुठे? घरात त्याला नुसतं बाजा म्हणायचे. दसऱ्याला सासूबाई माहेरच्या मागावरच्या धोट्याशेजारी तो मांडून हळदकुंकू वाहत. मला मात्र त्यावरची धूळ पुसायलाही हात लावू देत नसत.

सासूबाईंचे वडील नानाजी भजनं गात. त्यांचं नाव मंडळाच्या नव्या सभागृहाला द्यायचं ठरलं, आणि तिथे काचेच्या कपाटात 'नानाजींचे वाद्य' म्हणून हा बाजा ठेवायचं मामांच्या मनात आलं. सासूबाईंनी साफ सांगितलं, की नानाजी चिपळ्यांपलीकडे काही वाजवत नव्हते, बाजा आईचा. पाटीवर देवकीबाईचं नाव टाक, मग खुशाल ने. मामा हसले. आई दिवसभर मागाच्या सुताच्या कांड्या भरत होती, म्हणाले, ती बाजा कधी वाजवणार? हे गृहस्थ लहानपणापासून नागपूरला होस्टेलात. घरात आई काय करते, हे त्यांना काय कळणार कपाळ!

मग मामाच एक दिवस सतार शिकवणाऱ्या मयुराताईंना घेऊन आले. सोबत विकत आणलेला नवाकोरा गज होता. हे दिलरुब्यासारखं काहीतरी आहे, बाबा गजाने वाजवायचे, असं त्यांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली. मयुराताईंनी गज फिरवून पाहिला. सगळ्या तारा एकदम रडल्या. त्यांनी आम्हाला तारांखालची घोडी दाखवली. गजाच्या वाद्याची घोडी वरून गोल असते, म्हणजे एकेक तार वेगळी घासता येते. ही तर सपाट. हे छेडायचंच वाद्य, गावच्या सुताराकडून कुणीतरी स्वतःच्या सोयीने करवून घेतलेलं. नाव विचाराल तर मलाही सांगता येणार नाही, असंही त्या मोकळेपणी म्हणाल्या.

मग त्यांनी खालच्या कडेला बोट लावलं. तिथे बारीक, वाकड्या ओरखड्यांचं जाळं होतं. हे कशाचे, त्यांनी विचारलं. सासूबाईंनी बाजा मांडीवर आडवा घेतला, उजवं मनगट कडेला टेकवलं, आणि त्यांच्या काचेच्या बांगड्या बरोबर त्या ओरखड्यांवर बसल्या. मयुराताई म्हणाल्या, वाजवणारी बाई होती, आणि ती वर्षानुवर्षं वाजवत होती. मामांनी चहा संपवला आणि गज पिशवीत घातला. मला वाटलं, जिंकलो.

पण आमचे सासरे गणपतराव म्हणजे सगळ्यांशी गोड राहणारे. सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना मामा आले, तारा बदलून आणतो म्हणाले, आणि सासऱ्यांनी बाजा उचलून दिला. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

बाजा पुन्हा दिसला तो थेट उद्घाटनाच्या दिवशी, स्टेजवर. घासून, खाचांत लांबी भरून, नव्या सोफ्यासारखं चकचकीत पॉलिश मारलेला. एकही ओरखडा शिल्लक नव्हता. कार्यक्रमाले चांगला दिसला पाहिजे ना, मामा म्हणाले. मयुराताईंना आमंत्रणच नव्हतं. मी तोंड उघडणार होते, पण सासूबाई गप्प होत्या, आणि त्या गप्प बसल्या की मलाही धडकी भरते.

मामा माइकवर नानाजींच्या बोटांतली जादू सांगत होते. सासूबाई उठल्या, चपला पायरीशी काढून स्टेजवर चढल्या, बाजा घेऊन मांडी घालून बसल्या. पिशवीतून त्यांनी सुताच्या कांडीचा एक तुकडा काढला आणि तारा छेडायला लागल्या. तारा बेसूर, भजनही अर्धंच येत होतं. पण दर ठोक्याला हिरव्या बांगड्या त्या नव्या पॉलिशवरून करकरत होत्या, आणि पांढऱ्या रेघा उमटत होत्या.

मामांना माइकचं भान राहिलं नाही.

"ताई, बांगड्या काढ वं. पॉलिश खराब होऊन राहिलं."

नवरा जिवंत असलेल्या बाईला बांगड्या काढ म्हणायचं? तेही तिच्या पाठच्या भावाने? गणपतराव पहिल्याच रांगेत बसले होते.

सासूबाईंचा हात थांबला नाही.

"बाजा वाजवताना बाबा आईले हेच म्हनत होते, केशव. सोता जिते असून. तिनं नाही काढल्या."

त्या उठल्या, बाजा काखेत मारला आणि चालू पडल्या. मी त्यांच्या चपला उचलून मागे धावले. ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी मला, साडी काहून एवढी वर नेसली म्हणून झापलं. मीही उलट बोलले. मग घर येईपर्यंत त्या बाजाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

सभागृहात ते काचेचं कपाट अजून आहे. 'नानाजींचे वाद्य' अशी पितळी पाटी आहे, आणि आत मामांनी विकत आणलेला नवाकोरा गज ठेवलेला आहे.